घरच्या गणिताची चाल

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवलेल्या आईबापांना नातेवाईक सर्वांत आधी जो प्रश्न विचारतात तो भाषेचा नसतो, इतिहास-भूगोलाचा तर नसतोच. ‘गणिताचे काय करणार?’ हा तो प्रश्न. मूल बोलता बोलता भाषा शिकेल, गोष्टीची पुस्तके वाचेल, किल्ले पाहील, झाडे ओळखेल, हे आत्या-मावश्यांना एक वेळ पटते. गणित मात्र कोणीतरी वेळच्या वेळी, एकामागून एक धडा घोटून घ्यावे लागते, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे. आणि गंमत अशी की, शाळेवरचा विश्वास उडाला म्हणून जे आईबाप मुलाला घरी ठेवतात, तेही गणिताच्या वेळेला नकळत शाळाच घरात आणून बसवतात. बाकी सारा दिवस मोकळा. साडेदहा वाजले की मात्र बालभारतीचे पुस्तक उघडायचे आणि या आठवड्यात कितवे पान गाठायचे, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवायचे!

मुलांना घरी शिकवावे की शाळेत घालावे, या वादात इथे शिरायचे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकण्याचा उल्लेखच नाही, त्यामुळे त्याचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावत असतो. तरीही पुण्या-मुंबईत, आणि शहर सोडून खेड्यात राहायला गेलेल्या काही घरांत, मुले घरी शिकत आहेत. शिवाय २०२०-२१ च्या टाळेबंदीने, ज्यांच्या डोक्यात असले खूळ कधी शिरले नव्हते अशा असंख्य घरांना हा अनुभव सक्तीने दिला. मोबाइलच्या पडद्यावर बाई भागाकार शिकवत आहेत आणि शेजारी भाजी निवडत बसलेल्या आईच्या ध्यानात येते आहे की, आपल्या पोराला साधी हातच्याची वजाबाकीही धड येत नाही, हे दृश्य त्या दीड वर्षात किती घरांनी पाहिले असेल! तेव्हा मूल पूर्णवेळ घरी शिकणारे असो की संध्याकाळी आईजवळ पुस्तक घेऊन बसणारे, गणित किती वेगाने पुढे न्यावे, हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे.

शाळेचा वेग कशावरून ठरतो, हे आधी पाहू. तो मुलावरून ठरत नाही. तो सुट्ट्या, चाचण्या, सहामाही आणि वार्षिक परीक्षा यांच्या मध्ये जे दिवस उरतात, त्यांत पुस्तकातली प्रकरणे बसवून ठरतो. यात शिक्षकांचा दोष नाही. साठ मुलांचा वर्ग चालवायचा तर दुसरे करणार काय? ‘पोर्शन’ हा शब्द आपल्या घराघरांत रूढ झाला तो यातूनच. पोर्शन पूर्ण होतो, पण शिकणे पूर्ण होते का? ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांची वाचन-गणिताची पाहणी करते. तिचा अहवाल ‘असर’ या नावाने ओळखला जातो. २०२२ च्या पाहणीत, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे देशातल्या ग्रामीण पाचवीच्या साधारण एक चतुर्थांश मुलांनाच जमले. उरलेल्या मुलांच्याही शाळेत भागाकाराचे प्रकरण शिकवून झालेलेच असणार. पान पुढे गेले, मूल मागे राहिले.

मग घरी बसून तीच पाने त्याच वेगाने उलटण्यात मतलब काय? पण तसे होते खरे. कारण भीती. शेजारच्या बंगल्यातला चिन्मय चौथीत आहे, त्याचे अपूर्णांक झाले, आपले नाहीत. आजोबा रविवारी फोनवर विचारतात, ‘कितवा पाढा चाललाय?’ बाबा रात्री उशिरा येऊन वही उघडतात आणि काही न बोलता मिटतात. हे न बोलणे फार वाईट. दिवसभर शिकवणाऱ्या आईला ते नापासाच्या शेऱ्यासारखे लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे व्याज मुलाला भरावे लागते.

याच्या अगदी उलट टोकाचीही घरे आहेत आणि त्यांच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. ‘मूल तयार होईल तेव्हा आपोआप शिकेल’ हा त्यांचा मंत्र. त्यांच्याकडे नेहमी एक दाखला तयार असतो. मुंबईची एक मुलगी शाळा सोडून घरी शिकली, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये पदके मिळवून २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत दाखल झाली. गोष्ट खरी आहे आणि त्या मुलीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण तिचा दाखला, सात आठे किती हे बोटांवर मोजणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या घरी काय कामाचा? ती तर रोज कितीतरी तास आपल्या विषयात बुडालेली असणार. इकडे ‘तयार होण्याची वाट पाहणे’ या गोंडस नावाखाली पुष्कळदा आईबापांचा स्वतःचा गणिताचा कंटाळा लपलेला असतो. चित्रकला रोज होते, मातीकाम रोज होते, गणित ‘मूड लागला की’. घाई करणाऱ्या घरापेक्षा या घरातल्या मुलाचे नुकसान कमी होते असे मला वाटत नाही. ते फक्त उशिरा दिसते.

वाट पाहण्याचे समर्थन करणारे आणखी एक उदाहरण देतात. ते अधिक विचार करण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर नावाचे गाव आहे. तिथले शाळाप्रमुख लुई बेनेझे यांनी १९२९ साली काही वर्गांतून पुस्तकी अंकगणित सहावी-सातवीपर्यंत काढूनच टाकले. इतर पालकांनी आरडाओरडा केला असता, म्हणून त्यांनी परदेशातून आलेल्या, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे वर्ग त्यासाठी निवडले. पुढे पुस्तकी गणित सुरू झाले, तेव्हा ही मुले आकडेमोडीत साहजिकच मागे होती, पण वर्ष संपेतो त्यांनी इतरांना गाठले. १९३५-३६ मध्ये बेनेझे यांनी हे सारे लिहून प्रसिद्ध केले. आता यातून ‘बारा वर्षांपर्यंत गणित नकोच’ असा अर्थ काढणारे मला भेटले आहेत. पण मधल्या वर्षांत ती मुले रिकामी बसली होती का? नाही. ती अंदाज बांधत होती: ही खोली किती लांब, तो खांब किती उंच, इथून तिथवर जायला किती वेळ. घड्याळ वाचत होती, किमतींविषयी बोलत होती, आपले म्हणणे नीट शब्दांत मांडायला शिकत होती. म्हणजे गणित चालूच होते, फक्त पाटीवरची मांडणी थांबली होती. आपल्या घरात एवढे बोलणे रोज होणार असेल, तर पुस्तक खुशाल लांबणीवर टाकावे. होणार नसेल तर बेनेझेंचे नाव घेऊ नये.

माझे मत असे की, घरी वेळ ठरवावी, पान ठरवू नये. सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज पंधरा-वीस मिनिटे, दहाच्या पुढे अर्धा तास, फार तर पाऊण. त्या वेळात अर्धे पान झाले तर अर्धे, चार झाली तर चार. वेळ संपली की पुस्तक मिटायचे, मूल रंगात आले असले तरी मिटायचे; उद्या ते स्वतःहून उघडेल. वीस मिनिटे ऐकून पुष्कळांना हसू येते. एक साधा हिशेब करून पाहा. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक असे मान दिले आहे. पस्तीस मिनिटांचा तास आणि तीस मुले धरली, तर एकेका मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे लक्ष मिनिटभर येते. घरच्या मुलाला वीसच्या वीस मिनिटे मिळतात आणि असे दोनशे दिवस गेले की सहासष्ट तासांहून अधिक होतात. रोजचे मात्र रोज व्हायला हवे. रविवारी एकदम दोन तास बसवून आठवड्याची थकबाकी वसूल करण्याने काही साधत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की, एका बैठकीत घोकलेले झपाट्याने विसरते आणि थोडे थोडे अंतर ठेवून उजळले तर टिकते. आपल्याकडे ‘उजळणी’ हा शब्दच त्यासाठी आहे. जुन्या घरांत तिन्हीसांजेला शुभंकरोतीनंतर परवचा म्हणत, तो काही वर्षाकाठी एकदा म्हणत नसत.

पण सगळेच धडे सारख्या वेळेचे धनी नसतात. काही जागी मुक्काम करावा लागतो आणि काही स्टेशने गाडी न थांबवता घेतली तरी चालतात. घरी शिकवण्याचा खरा फायदा कुठला असेल तर तो हाच.

पहिला मुक्काम शंभरपर्यंतच्या संख्यांचा. मराठीत शिकणाऱ्या मुलाला इथे इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नसतो. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. त्यामुळे पंचवीस सांगितले की मूल ५२ लिहिते. त्यातून ‘एकोणतीस’, ‘एकोणचाळीस’ ही नावे पुढच्या दशकाकडून एक वजा करून आलेली, आणि तो नियम कळेकळेतो ‘नव्याऐंशी’ आणि ‘नव्याण्णव’ त्याला हरताळ फासतात. बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव: प्रत्येक ‘दोन’ वेगळ्या वेशात. कानडी, तेलुगू, तमिळ मुलाला हा त्रास नाही. त्यांच्या भाषांत दशक आधी येते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही वाचन दिले तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेपर्यंत थट्टा गेली. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या; २०२३ मध्ये त्या गेल्या. ‘एकवीस’ काढून टाका असे कोणी म्हटलेच नव्हते, अडखळणाऱ्या मुलाला एक आधार दिला होता. शाळांनी काय करायचे ते करोत, घरी तर आपल्याला अडवणारे कोणी नाही. ‘सत्तावीस म्हणजे वीस आणि सात’ असे सहा महिने म्हणत राहावे. आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधावेत, सोडावेत, पुन्हा बांधावेत. पहिलीतले मूल वर्षभर शंभरच्या आतच घोटाळले तरी ते वर्ष वाया गेलेले नसते. पुढची हातच्याची बेरीज, उसन्याची वजाबाकी, गुणाकाराची मांडणी, सारे त्या जुडग्यांवर उभे आहे.

दुसरा मुक्काम पाढ्यांचा. इथे दोन तट आहेत: तीसपर्यंत पाठ हवेतच म्हणणारे आजोबा आणि पाठांतर म्हणजे अत्याचार मानणारे आधुनिक आईबाप. आजोबांच्या आजोबांनी तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीही पाठ केली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सोळा आण्यांचा रुपया आणि पावशेर-अच्छेराची मापे होती तोवर त्यांना धंद्यात रोजचा उपयोग होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि त्या पाढ्यांची गरज संपली. तीसपर्यंतच्या पाढ्यांची गरजही आता फारशी उरलेली नाही, असे मला वाटते. दहापर्यंतचे मात्र झोपेत विचारले तरी यायला हवेत. आणि ते काही डोंगराएवढे काम नाही. एक आणि दहाचे पाढे कोणालाच शिकवावे लागत नाहीत. दोन आणि पाचचे महिन्याभरात तोंडी बसतात. उरले ३, ४, ६, ७, ८ आणि ९ हे सहा अंक. सात आठे आणि आठ साते एकच, हे मुलाला पटले की या सहा अंकांचे आपसांतले गुणाकार मोजून २१ होतात. एकवीस! नऊच्या पाढ्यातली उत्तरे अशी की अंकांची बेरीज नेहमी नऊ. त्या खुणेने नऊचे सोडले तर राहिले १५. आठवड्याला एक घेतला तरी पाच महिन्यांच्या आत काम फत्ते. सोमवारी ‘सात आठे छप्पन्न’ फ्रिजवर चिकटवायचे आणि आठवडाभर येता-जाता विचारायचे, अंघोळीला जाताना, पोळी वाढताना, जिन्यात. पुढच्या सोमवारी दुसरा, पण आधीचे अधूनमधून विचारत राहायचे. याला अत्याचार कोणी म्हणू नये.

तिसरा आणि सर्वांत लांब मुक्काम अपूर्णांकांचा. मुलाला विचारा: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? अंशात अंश मिळवून, छेदात छेद मिळवून ते सांगेल, दोन पंचमांश. ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारली आणि लसाविची रीत घोटून घेतली, तर पुढची पाच उदाहरणे ते बरोबर करील. पण अर्धी भाकरी घेतली, तिच्यात आणखी तिसरा हिस्सा घातला आणि झाली अर्ध्याहूनही कमी, हे आक्रीत आहे असे ज्या मुलाला स्वतःहून वाटत नाही, त्याला अपूर्णांक आलेले नाहीत. ते वाटायला वेळ लागतो. महिने लागतात. पोळीचे, चिक्कीच्या वडीचे, कागदाच्या पट्टीचे तुकडे करून करून लागतात. पुस्तकात याला जेवढी पाने दिली आहेत त्याच्या तिप्पट वेळ घरी द्यावा, एवढेच सांगतो. दशांश अपूर्णांकाचे दुखणे आणखी निराळे. ०.३५ मोठे की ०.५? पुष्कळ मुले ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. पूर्वी रुपये-पैशांत सांगितले की लगेच उलगडा होई. पण चार आण्याचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले आणि पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालत असले तरी आजच्या मुलाने ते हातात धरलेले नसते. त्याच्या लेखी पैसा म्हणजे आईने फोन पुढे करायचा आणि दुकानदाराच्या डबीतून आवाज यायचा. तेव्हा दशांशासाठी शिंप्याची टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि तापमापक ही साधने घ्यावीत. ताप ९८.६ वरून १०० वर गेला की घरात काय होते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आणि भाजी आणायला जाताना आठवड्यातून एकदा तरी रोख पैसे घेऊन मुलाला पुढे करावे. सुटे परत घेण्यातून जी वजाबाकी आपण न शिकवता शिकलो, ती आता मुद्दाम शिकवावी लागणार आहे.

याउलट कोटीपर्यंतच्या संख्यांचे अक्षरी लेखन, रोमन संख्याचिन्हे, चित्ररूप माहितीचे तेच ते तक्ते, मापांच्या रूपांतराची पानेच्या पाने यांवर आठवडे घालवण्याचे कारण नाही. दोन दिवसांत आटोपावे. मूल मोठे झाले की ते स्वतःच वाचून घेते.

आता अडकण्याविषयी. हे घडतेच, आणि घरी ते शाळेपेक्षा अधिक टोचते. शाळेतले मूल घंटा झाली की बाईंपासून सुटते. घरच्या मुलाची बाई रात्री त्याला जेवायला वाढते. सकाळच्या भागाकारावरून चढलेला आवाज दुपारी उतरला तरी मुलाच्या पानात पडतोच. माझ्या माहितीतल्या एका घरी नऊ वर्षांची मुलगी भागाकारापाशी तीन आठवडे अडली होती. रोज तेच. वही काढली की पोटात दुखायला लागायचे. आई हुशार, स्वतः अभियंता; तिला कळेना की इतकी सोपी रीत हिला का येत नाही. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने मुलीला समोर बसवून फक्त दोन गोष्टी पाहिल्या. ३०२ मधून १४७ वजा करायला सांगितले. मधल्या शून्यापाशी मुलगी थबकली. सातचा पाढा मधूनच विचारला. तिला तो पहिल्यापासून म्हटल्याशिवाय सापडेना. अडचण भागाकाराची नव्हतीच. भागाकारात गुणाकार, वजाबाकी आणि अंदाज तिन्ही एका वेळी करावे लागतात. त्यातले दोन कच्चे असताना तिसऱ्याने काय करावे? भागाकार महिनाभर बासनात गेला. त्या महिन्यात वजाबाकी झाली, सातचा आणि आठचा पाढा झाला. मग भागाकार दहा-बारा दिवसांत जमला. दोन अंकी भाजक दिसला की ती अजूनही तोंड वाकडे करते. आईने तो पुढच्या वर्षावर टाकला आहे. पोटदुखी थांबली, हे माझ्या मते त्या घरातले सर्वांत मोठे यश.

तेव्हा मूल तीन-चार दिवस एकाच जागी अडले की तेच उदाहरण अधिक मोठ्या आवाजात समजावू नये. दोन प्रकरणे मागे जावे. तिथेही सगळे ठीक असेल तर विषय चक्क सोडून द्यावा आणि तीन आठवड्यांनी परत काढावा. मधल्या काळात भूमिती करावी, कंपासने वर्तुळे काढावीत, खोलीचे क्षेत्रफळ मोजावे. आणि डोळ्यांत पाणी आले की त्या दिवशीचे गणित तिथेच संपले. शिस्त मोडते की काय ही भीती बाळगू नये. रडत सोडवलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही, रडणे मात्र आठवते.

भरधाव धावणाऱ्या मुलाचा प्रश्न यापेक्षा बरा, पण त्यातही खड्डे आहेत. आठ वर्षांचा मुलगा पाचवीचे पुस्तक संपवतो, की आईबाप सहावीचे आणतात, मग सातवीचे, आणि आल्यागेल्याला सांगतात. असे मूल रीती झटपट उचलते आणि त्या वेगात कुठे पोकळ राहिले ते कोणालाच दिसत नाही, बीजगणितापर्यंत. त्याला पुढे ढकलण्यापेक्षा आडवे फिरू द्यावे. यासाठी आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्यासारखा सोबती नाही. १९०५ ते १९८६ हा त्यांचा काळ. जन्मभर शाळेत शिकवता शिकवता संख्यांशी खेळले. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध खेळ दुसरीतिसरीच्या वजाबाकीवर चालतो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने लावा, २३४५. वजाबाकी करा, ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणखी एकदा करा, परत ६१७४ च. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच येऊन पोचता. तीन अंकी संख्या घेतली तर मुक्काम ४९५. ज्या मुलाला पुस्तकातल्या वीस वजाबाक्या लिहायचा कंटाळा येतो, ते या नादात दिवसाला पन्नास करते, आणि एखादी चुकली तर स्वतःच शोधून काढते, कारण ६१७४ येत नाही! मंद मुलालाही हा खेळ तेवढाच चालतो, हे विसरू नये.

नोंद कशी ठेवावी, असे पुष्कळ जणी विचारतात. पानांची नोंद ठेवूच नये. एक वही करावी, तीत तारीख आणि एखादी ओळ: ‘आज शून्यातून उसने घेताना अडला नाही’, ‘पाव आणि चतुर्थांश एकच हे तिने आपणहून सांगितले’. रात्री उशिरा येणाऱ्या बाबांना ही वही दाखवावी. त्यांचे न बोलणे पुष्कळ कमी होते, असा अनुभव आहे. किंबहुना आठवड्यातले दोन दिवस गणित त्यांच्याकडेच सोपवावे. मुलाचे अडणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की ‘अजून एवढेच झाले?’ हा प्रश्न विचारण्याची छाती राहत नाही.

शेवटी परीक्षेचे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला देता येते, आणि घरी शिकणारी बहुतेक मुले याच वाटेने जातात. तिथे गणित हा विषय न घेताही दहावी होता येते, हे कळल्यावर काही घरांना हायसे वाटते. तसे वाटून घेऊ नये. चौदाव्या वर्षी मुलाने पुढे काय करायचे ते ठरलेले नसते आणि गणित सोडले की विज्ञानाकडच्या किती वाटा बंद होतात, हे त्याला सोळाव्या वर्षी कळते. सहाव्या वर्षी सुरुवात केली तर हाती आठ वर्षे आहेत. वर सांगितलेल्या संथ चालीनेही बाराव्या वर्षापर्यंत सारे अंकगणित, शेकडेवारी आणि प्रमाणासकट, होऊन जाते. उरलेली दोन वर्षे ही घराची गंगाजळी समजावी. कोणाचे आजारपण निघते, बदली होते, धाकटे भावंड जन्माला येते, घरात लग्न निघते आणि तीन महिने पुस्तक उघडत नाही. ते सारे यातून भागते. ही गंगाजळी आधीच्या घाईने दुप्पट करण्याची गरज नाही, आणि ‘अजून वेळ आहे’ म्हणत नवव्या-दहाव्या वर्षीच उडवूनही टाकू नये.

परीक्षेच्या आधीच्या वर्षात मात्र चाल बदलावी लागते. घरी शिकलेल्या मुलाला उत्तर येते, पण पायऱ्या लिहायची सवय नसते. मनातल्या मनात सोडवून ते एका ओळीत मोकळे होते आणि गुण पायऱ्यांना असतात. तीन तास एका जागी बसून लिहिण्याचीही सवय नसते. म्हणून त्या वर्षी पहिल्या महिन्यापासून दर शनिवारी घड्याळ लावून आधी एक तासाची, मग दोन तासांची, दिवाळीनंतर तीन तासांची उत्तरपत्रिका लिहून घ्यावी. ती तपासायला मात्र आईने बसू नये. शेजारपाजारी एखादे निवृत्त मास्तर असतातच. त्यांच्याकडे पाठवावी.